गायीचा वाण वेताच्या कोणत्या महिन्यात कळतो?

गाय विकत घ्यायला बाजारात गेलो की आपण नुकती व्यालेली गाय शोधतो. कास भरलेली, दुधाच्या शिरा टरारलेल्या, मागून पाहिली तर दोन्ही मांड्यांत कास मावत नाही. दोन वेळची धार काढून घेतो, आकडा ऐकतो आणि सौदा करतो. चंद्री मी अशीच आणली. तिच्या दुसऱ्या वेतातला (वेत म्हणजे व्याल्यापासून आटेपर्यंतचा दुधाचा काळ) विसावा-बाविसावा दिवस होता, सकाळ-संध्याकाळ मिळून एकवीस लिटर दूध माझ्या डोळ्यांदेखत निघालं. त्या दुधात खोट काहीच नव्हती. चूक माझ्या प्रश्नात होती. व्याल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातलं दूध गायीच्या वाणाबद्दल, म्हणजे तिच्या रक्तातल्या गुणांबद्दल, सगळ्यात कमी सांगतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गायीच्या दुधावर आई-बापाकडून आलेल्या गुणांचा जो प्रभाव असतो तो वेताच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सारखा राहत नाही. सुरुवातीला तो झाकलेला असतो, मग उघडा पडत जातो. काही जनुकं एका टप्प्यात जास्त काम करतात, काही दुसऱ्या टप्प्यात. हे नीट कळलं की कोणती कालवड ठेवायची, कोणत्या वळूची कांडी (गोठवलेल्या रेताची नळी) भरायची आणि कोणत्या महिन्यात खुराकाला हात आखडायचा नाही, हे तिन्ही निर्णय बदलतात. दोन-चार गायींच्या गोठ्यातही हे पाहता येतं. वही, वजनकाटा आणि महिन्यातला एक दिवस एवढंच लागतं.

आधी वेताचा चढ-उतार

गाय व्याली की चिकाचे चार-पाच दिवस जातात आणि दूध चढायला लागतं. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन ही विदेशी जात) आणि तिच्या संकरित गायी साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात उच्चांकाला पोचतात. तिथून उतार सुरू होतो. मोठ्या गायीत तो महिन्याला आठ-दहा टक्क्यांच्या आसपास असतो, पहिलारूत, म्हणजे पहिल्यांदा व्यालेल्या गायीत, त्याहून कमी. तुलनेसाठी जगभर ३०५ दिवसांचं वेत धरतात.

हा चढ-उतार कासेच्या आत घडतो. दूध तयार करणाऱ्या पेशी बहुतेक गाभणपणातच तयार झालेल्या असतात, व्याल्यानंतर प्रत्येक पेशी अधिकाधिक जोमाने काम करायला लागते आणि उच्चांक येतो. पुढे पेशी मरायला लागतात आणि त्या प्रमाणात नव्या तयार होत नाहीत. एखादी गाय दूध ‘टिकवते’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर तिच्या कासेतल्या पेशी सावकाश घटत असतात. उंच उच्चांक आणि सावकाश उतार हे दोन वेगळे गुण आहेत, त्यांच्यामागची जनुकंही पूर्ण सारखी नाहीत. एक गुण असला म्हणजे दुसरा असेलच असं नाही.

वाण कुठे झाकतो, कुठे उघडा पडतो

आनुवंशिकता म्हणजे काय, ते आधी साध्या भाषेत पाहू. सारख्या परिस्थितीतल्या शंभर गायी घेतल्या तरी त्यांच्या दुधात फरक असतोच. त्या फरकातला किती वाटा आई-बापाकडून आलेल्या गुणांचा, ते सांगणारा आकडा म्हणजे आनुवंशिकता. एचएफमध्ये ३०५ दिवसांच्या एकूण दुधासाठी तो साधारण २५ ते ३५ टक्के येतो. बाकीचा वाटा चारा, आजार, हवामान, सांभाळणाऱ्याचा हात यांचा.

हाच हिशोब एकेका दिवसाच्या दुधासाठी केला तर चित्र वेगळं दिसतं. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात आनुवंशिकतेचा वाटा सगळ्यात कमी निघतो, मग तो चढतो आणि वेताच्या मध्यावर किंवा त्याच्याही पुढे सर्वात जास्त होतो. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या जातींच्या गायींवर हे तपासलं गेलं आहे. नेमका आकडा बदलतो, पण सुरुवातीला कमी ही गोष्ट वारंवार दिसते.

कारण कोणत्याही गोठ्यात रोज दिसतं. व्याल्यावर गायीची भूक लगेच वाढत नाही, दूध मात्र धावत वाढतं. पोटात जातं त्यापेक्षा जास्त कासेतून निघतं आणि ती तूट गाय अंगावरची चरबी जाळून भरते. भाकड काळात (व्यायच्या आधी दूध बंद असतं तेव्हा) तिला काय खाऊ घातलं, व्याताना अडली का, वार वेळेत पडली का, दूधज्वर (रक्तातलं कॅल्शियम घटून होणारा आजार) झाला का, किटोसिस (अंगावरची चरबी फार वेगाने जळून होणारा आजार) झाला का, कासदाह (कासेची सूज) झाला का, हे सगळं त्याच दिवसांत दुधावर आदळतं. इतक्या गोंधळात वाणाचा आवाज ऐकू येत नाही. पहिल्या महिन्याचा आकडा गोठ्याच्या व्यवस्थापनाची परीक्षा आहे. गायीची परीक्षा पुढे सुरू होते.

आणखी एक बाब आहे, आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. लागोपाठच्या दोन महिन्यांत दुधामागचे आनुवंशिक गुण जवळजवळ तेच असतात. पण पहिला महिना आणि नववा महिना शेजारी ठेवले तर त्यांचं नातं बरंच सैल होतं. सुरुवातीच्या दुधात अंगावरची चरबी किती वेगाने वितळते आणि यकृताला तो भार झेपतो का, या गुणांचा मोठा वाटा असतो. नंतरच्या दुधात कासेतल्या पेशी किती टिकतात आणि खाल्लेला चारा गाय दुधाकडे वळवते की अंगाकडे, हे जास्त चालतं. म्हणून पहिल्या महिन्यात अव्वल ठरलेली गाय नवव्या महिन्यात अव्वल असेल याची खात्री वाणही देत नाही.

फॅटचंही असंच. गायीच्या चौदाव्या गुणसूत्रावर डीजीएटी१ नावाचं जनुक आहे. २००२ साली त्यातला एक बदल उजेडात आला. त्याचा एक प्रकार फॅट वाढवतो आणि दुधाचं माप थोडं कमी करतो, दुसऱ्याचं काम उलट चालतं. आपल्या गीर, साहिवालसारख्या देशी गायींमध्ये फॅट वाढवणारा प्रकार जवळजवळ सर्रास आढळतो. पण व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दुधातली बरीच फॅट गायीच्या अंगावरच्या चरबीतून येते, त्यामुळे या जनुकाचा ठसा तेव्हा पुसट असतो आणि पुढे स्पष्ट होत जातो. दहाव्या दिवशी डेअरीत ४.८ फॅट लागली म्हणून हरखून जाऊ नका. गायीच्या बरगड्या दिसायला लागल्या असतील तर ती फॅट तिच्या अंगातून वितळून येते आहे आणि किटोसिसची शंका घ्यायला हवी.

पहिली पायरी: महिन्यातला एक दिवस ठरवा

रोज लिहिलं तर उत्तमच, पण ते टिकत नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळ आणि संध्याकाळ मिळून दूध मोजा. सगळ्या गायींचं एकाच दिवशी मोजा, कारण त्या दिवशीचा चारा, ऊन, पाऊस सगळ्यांना सारखा असतो. हा बारकावा शास्त्रज्ञांनाही फार उपयोगी पडला. पूर्वी सगळं दूध ३०५ दिवसांच्या एका बेरजेत कोंबून वळूंची पारख व्हायची. १९९४ च्या सुमारास नोंदीच्या प्रत्येक दिवसाचं दूध वेगळं धरून, त्याच गोठ्यात त्याच दिवशी मोजलेल्या गायींशी तुलना करण्याची आणि प्रत्येक गायीला तिची स्वतःची आनुवंशिक वक्ररेषा, म्हणजे वेतभरात वाणाचा प्रभाव कसा बदलतो ती रेषा, देण्याची रीत मांडली गेली. कॅनडाने १९९९ मध्ये ती देशपातळीवर लागू केली. आपल्या वहीत आपण तेच करायचं आहे, फक्त संगणकाशिवाय.

मोजताना माप नको, वजन घ्या. फेस असला की माप फसवतं. हुकाचा काटा छताच्या वाशाला टांगा, रिकाम्या बादलीचं वजन आधी घ्या, मग भरलेली टांगा. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, तेवढा फरक हिशोबात धरायचा. आदल्या संध्याकाळी कास पूर्ण रिकामी केलेली असली पाहिजे, नाहीतर उरलेलं दूध सकाळच्या आकड्यात चढतं. दोन धारांमधलं अंतर नेहमीचंच ठेवा. गीर किंवा खिल्लार गायीला वासरू पाजून पान्हा घेत असाल आणि एक सड वासराला सोडत असाल, तर ते वहीत स्पष्ट लिहा आणि दर महिन्याला तसंच करा.

आकड्याशेजारी चार गोष्टी लिहायच्या: व्याल्याला किती दिवस झाले, गाभण असल्यास कधीपासून, त्या महिन्यात आजार झाला का, आणि चाऱ्यात काही बदल केला का. मुरघासाचा खड्डा संपून कडब्यावर आलो असू तर पुढच्या महिन्याची घसरण चाऱ्याची असते, आणि ती नोंद नसेल तर वर्षानंतर आपण ती गायीच्या माथी मारतो.

दुसरी पायरी: वेताची बेरीज

दोन नोंदींची सरासरी काढायची आणि मधल्या दिवसांनी गुणायचं. पहिल्या नोंदीच्या आधीच्या दिवसांना पहिला आकडा धरायचा, शेवटच्या नोंदीनंतरच्या दिवसांना शेवटचा. चंद्री आणि सगुणा यांच्या तिसऱ्या वेताची पानं इथे उतरवतो. सगुणा घरच्या गायीची कालवड. दोघी एकाच हंगामात बारा दिवसांच्या अंतराने व्याल्या, एकाच गव्हाणीत होत्या.

व्याल्यापासून १५, ४५, ७५, १०५, १३५, १६५, १९५, २२५, २५५ आणि २८५ व्या दिवशी चंद्रीचं दूध लिटरमध्ये असं होतं: २०, २४, २२, १९, १६, १३, १०.५, ८, ६, ४.५. सगुणाचं: १५, १८, १८, १७, १६, १५, १४, १३, १२, १०.५.

चंद्रीची बेरीज कशी होते पाहा. पहिले १५ दिवस २० प्रमाणे ३०० लिटर. पंधराव्या ते पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत सरासरी २२, म्हणजे ३० दिवसांचे ६६०. पुढच्या तीस दिवसांचे ६९०. असं करत ३०५ दिवसांना ४,३१२ लिटर. सगुणाचे ४,५०७.

पंचाहत्तराव्या दिवसापर्यंतच्या बेरजेत चंद्री ३९० लिटरने पुढे होती. साडेचार महिन्यांवर तर ५१० लिटरने. त्या वेळी कुणी विचारलं असतं की दोघींतली एक विकायची आहे, कोणती देता, तर मी सगुणाच्या कासऱ्याला हात घातला असता. बेरजेत सगुणा चंद्रीच्या पुढे गेली ती २५५ ते २८५ दिवसांच्या मधे कधीतरी.

तिसरी पायरी: टिकाऊपणाचा आकडा

बेरजेबरोबर हा दुसरा आकडा प्रत्येक गायीच्या पानावर हवाच. सोपी रीत अशी: २२५ व्या दिवसाच्या आसपासचं दूध भागिले ४५ व्या दिवसाच्या आसपासचं दूध. चंद्रीचं ८ भागिले २४, म्हणजे ३३ टक्के. सगुणाचं १३ भागिले १८, म्हणजे ७२ टक्के. कॅनडात वळूंच्या मुलींचा टिकाऊपणा ६० व्या आणि २८० व्या दिवसाच्या दुधावरून ठरवतात आणि वळूच्या माहितीत वेगळा छापतात. तुम्ही कोणतेही दोन दिवस धरा, पण सगळ्या गायींना तेच धरा.

एक सावधगिरी बाळगा. पहिलारूचा उच्चांक कमी असतो आणि उतारही मंद असतो, म्हणून तिचा टिकाऊपणा नेहमी चांगलाच दिसतो. पहिलारूची तुलना पहिलारूशी, तिसऱ्या वेताची तिसऱ्याशी. पहिल्या आणि नंतरच्या वेतांतले आनुवंशिक गुण जवळचे असले तरी तंतोतंत तेच नसतात.

चौथी पायरी: वाणाचं नाही ते बाजूला काढा

ही पायरी घाईने उरकू नका. आकडा पडला की आपण लगेच ‘रक्तच नाही’ म्हणतो आणि गाय बाजाराला निघते. आधी गाभण तारीख पाहा. गर्भ पाच महिन्यांचा झाला की दूध ओसरायला लागतं आणि त्यात वाणाचा दोष नसतो. चंद्री नव्वदाव्या दिवशी गाभण राहिली, म्हणजे गर्भाचा पाचवा महिना २४० व्या दिवसाच्या आसपास भरला. तिचं दूध तर ७५ व्या दिवसापासूनच घसरत होतं. सगुणा ११० व्या दिवशी गाभण राहिली. म्हणून या दोघींतला फरक गाभणपणाने समजावता येत नाही.

मग कासदाह. एका सडाला झालेला दाह उरलेल्या वेतभर दूध खातो, आणि सुप्त दाह नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सीएमटी चाचणी (दुधात द्रावण मिसळून सुप्त दाह ओळखण्याची सोपी चाचणी) दर महिन्याला नोंदीच्या दिवशीच करा. मग ऊन. फेब्रुवारीत व्यालेल्या एचएफ संकरित गायीचा उच्चांक नेमका एप्रिलच्या कडाक्यात येतो, सप्टेंबरात व्यालेलीचा थंडीच्या तोंडावर. या दोघींची तुलना न्याय्य नाही. आणि शेवटी खुराक. उच्चांक ओसरला की पेंड झपाट्याने कमी करण्याची सवय बहुतेक गोठ्यांत आहे. चौथ्या महिन्यात अंगावर मांस न चढलेल्या गायीचा खुराक तोडला तर टिकाऊ वाणाची गायसुद्धा दूध तोडते, आणि आपल्याला वाटतं तिच्यात दम नव्हता.

पाचवी पायरी: नात्यात शोधा

एका गायीच्या एका वेतावरून वाण ठरत नाही. सगुणाचं वेत टिकलं, हे तिचं नशीब असेल किंवा त्या वर्षीचा मुरघास चांगला असेल. म्हणून तिच्या आईची जुनी पानं काढली. दोन वेतांची नोंद होती, दोन्हींत २२५ व्या दिवसाचं दूध उच्चांकाच्या दोन तृतीयांशाहून जास्त. मग तिच्या पहिल्या कालवडीचं पान. तेच. आई, मुलगी, नात आणि वेगवेगळी वर्षं, वेगवेगळा चारा. आता हा गुण रक्तात आहे असं म्हणायला आधार आहे.

पण तुमच्या गोठ्यात चारच गायी असतील तर एका वळूच्या मुली किती मिळणार? म्हणून ही वही एकट्याची ठेवू नका. गावातल्या दहा-बारा जणांनी एकाच पद्धतीने, एकाच आठवड्यात नोंद घेतली तर एकाच वळूच्या सात-आठ मुली वेगवेगळ्या गोठ्यांत सापडतात. वळू किती चांगला हे सिद्ध करण्याचा पाया हाच आहे, अनेक गोठ्यांत विखुरलेल्या मुली. कानातला बारा अंकी बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद म्हणूनच महत्त्वाची आहे. त्या नंबराशिवाय तुमच्या गायीचं दूध तिच्या बापाच्या खात्यात कधीच जमा होत नाही.

सहावी पायरी: कांडी निवडताना

वळूच्या माहितीपत्रकात ‘आईचं दूध’ मोठ्या अक्षरात असतं. त्यावर भुलू नका. आईने काय दिलं यापेक्षा मुलींनी काय दिलं हे मोलाचं, आणि त्याहून मोलाचं म्हणजे प्रजनन मूल्य (वळू आपल्या मुलींना किती गुण देतो त्याचा अंदाज) आणि त्यापुढची विश्वसनीयतेची (तो अंदाज किती खात्रीचा याची) टक्केवारी. विश्वसनीयता कमी असेल तर एकाच वळूवर भर देऊ नका, दोन-तीन वळूंत कांड्या वाटून घ्या.

आता तर जन्मलेल्या वासराच्या जनुकांवरूनही अंदाज येतो. देशी आणि संकरित गायींसाठी तयार केलेली गौचिप ही जनुकं तपासणारी चिप ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये जाहीर झाली. अशी चाचणी जितकी अचूक असते तितकी ती मागच्या नोंदींमुळे असते. गोठ्यातल्या वह्या खऱ्या नसतील तर चिपही आंधळी राहते.

तुमचा कळप कुठे लंगडा आहे ते आधी ठरवा. उच्चांक चांगला पण पाचव्या महिन्यात दूध निम्म्यावर येतं, अशी तक्रार बहुतेक गायींची असेल तर आणखी उंच उच्चांकाचा वळू आणून तक्रार वाढेल. तिथे टिकाऊपणाची नोंद असलेला, प्रजननक्षमतेत बरा वळू हवा. सपाट वेताच्या गायीवर सुरुवातीला ताण कमी पडतो, उच्चांकाच्या महिन्यातली महाग पेंड कमी लागते आणि नंतरचं बरंचसं दूध चाऱ्यावर निघतं. उलट दूध टिकतं पण मुळातच कमी आहे, असं असेल तर एकूण दुधाच्या प्रजनन मूल्याकडे आधी पाहा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने एचएफ, जर्सी आणि गीर यांच्या तिहेरी संकरातून फुले त्रिवेणी तयार केली ती दूध, फॅट आणि काटकपणा एकत्र बसवण्यासाठीच. एकच आकडा वाढवत नेणं हा पैदाशीचा मार्ग नव्हे.

कालवडींबाबत एवढं सांगतो: पहिल्या महिन्याच्या आकड्यावर पहिलारू विकू नका. निदान पाच-सहा नोंदी होऊ द्या. आणि कोणती गाय ठेवायची हे ठरवताना दुसऱ्या ते सातव्या महिन्याच्या नोंदींना सर्वात जास्त वजन द्या. पहिल्या महिन्याची नोंद गोठ्याची भाकड काळातली देखभाल तपासायला वापरा: बहुतेक गायी सुरुवातीलाच कमी पडत असतील तर दोष वळूचा नाही.

शेवटची पायरी: कांडीची नळी

रेतन करायला आलेला माणूस नायट्रोजनच्या डब्यातून कांडी काढतो, सदतीस अंश कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवतो, पुसतो, टोक कापतो. काम झालं की रिकामी नळी गोठ्याच्या कडेला पडते. ती उचला. त्या बारीक नळीवर वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते, डोळ्यांजवळ धरून वाचावी लागते. तो क्रमांक वहीत लिहा आणि नळी चिकटपट्टीने त्या पानावर चिकटवा. आज भरलेल्या कांडीची कालवड व्यायला अडीच-तीन वर्षं जातात, त्याआधी नऊ महिने गर्भाचे, आणि तिच्या वेताचे शेवटचे महिने मोजून होईपर्यंत चार-साडेचार वर्षं झालेली असतात. तोवर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

सगुणाच्या पानावर अशा तीन नळ्या आहेत. मधल्या नळीची कालवड गेल्या महिन्यात व्याली. तिच्या नव्या पानावर आज एकच ओळ आहे: पंधरावा दिवस, ११ लिटर. पुढच्या ओळींसाठी तारखा आधीच लिहून ठेवल्या आहेत.